घटना आणि तिचा कर्ता : मोटार शर्यतीतील ‘सेफ्टी कार’वरील भाकीत-बाजाराचे विवेचन

सारांश : भावी घटनेच्या शक्यतेला बाजारभाव देणारी ‘भाकीत-बाजार’ ही व्यवस्था गेल्या काही वर्षांत जगभर चर्चेत आली आहे. मोटार शर्यतीत ‘सेफ्टी कार’ धावपट्टीवर येईल की नाही, यासारख्या अगदी लहान घटनाही अशा पैजांचा विषय होतात. प्रस्तुत लेखात या बाजाराची रचना, सेफ्टी कारचे कार्य आणि तिच्या संभाव्यतेचे गणित स्पष्ट केले आहे. त्यानंतर मुंबईतील पावसाचा सट्टा, कापसाचा आकडा आणि मटका या पूर्वपरंपरेच्या प्रकाशात या प्रश्नाची तपासणी केली आहे. ‘ही घटना कोण घडवू शकतो?’ हा प्रश्न ‘हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा?’ या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : भाकीत-बाजार, सेफ्टी कार, संभाव्यता, पावसाचा सट्टा, मटका, जुगार प्रतिबंधक कायदा.

१. प्रस्तावना

उद्या काय घडेल याविषयीचे कुतूहल मनुष्याला नेहमीच वाटत आले आहे आणि त्या कुतूहलावर पैसे लावण्याची प्रवृत्तीही तितकीच जुनी आहे. पाऊस, पीक, भाव, शर्यत, निवडणूक या सर्वांवर पैजा लागल्या आहेत. आधुनिक भाकीत-बाजाराने या जुन्या प्रवृत्तीला शेअर बाजाराचे रूप दिले. पैजेला ‘करार’, पैज लावणाऱ्याला ‘व्यवहार करणारा’ आणि पैजेच्या दराला ‘संभाव्यता’ अशी नवी नावे मिळाली. केवळ नावे बदलल्याने मूळ व्यवहाराचे स्वरूप बदलते का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी सेफ्टी कारचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. ही घटना स्पष्ट, मोजता येण्याजोगी आणि वरवर पाहता अपघाती आहे. तथापि ती एका चालकाच्या चुकीने, किंवा हेतूनेही, घडू शकते आणि तिची घोषणा शर्यतीच्या नियंत्रण कक्षातून होते. भाकीत-बाजाराचे गुण आणि दोष दोन्ही येथे एकत्र दिसतात.

२. भाकीत-बाजाराची रचना

ही रचना समजून घेण्यासाठी प्रथम आपल्या परिसरातील एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठी गणेशपुरी हे गरम पाण्याच्या कुंडांसाठी व नित्यानंद स्वामींच्या समाधीसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. नदीच्या वरच्या अंगाला शहापूर तालुक्यात तानसा धरण आहे. १८९२ पासून या धरणाचे पाणी मुंबईला पुरविले जाते. दर पावसाळ्यात ‘तानसा केव्हा भरून वाहणार?’ हा प्रश्न मुंबईकर विचारतात. धरण भरून वाहू लागले की नदीकाठच्या गावांना सावध राहावे लागते, म्हणून गणेशपुरीतही तो विचारला जातो.

समजा, ‘३१ जुलैपूर्वी तानसा भरून वाहू लागेल’ असा एक करार बाजारात आला. विधान खरे ठरल्यास करारधारकास १०० रुपये मिळतील, खोटे ठरल्यास काहीही मिळणार नाही. आज या कराराचा भाव ६२ रुपये असेल, तर बाजाराच्या मते ही घटना घडण्याची शक्यता साधारण ६२ टक्के आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो. ‘नाही’ या बाजूचा करार अर्थातच ३८ रुपयांना मिळेल. ज्याला ही शक्यता ७५ टक्के वाटते, त्याच्या दृष्टीने कराराचे अपेक्षित मूल्य ७५ रुपये होते, म्हणून तो ६२ रुपयांस खरेदी करतो. असे खरेदीदार वाढले की भाव चढतो. ज्यांना शक्यता कमी वाटते ते विकतात आणि भाव उतरतो.

या व्यवस्थेच्या समर्थकांचा मुख्य युक्तिवाद ज्ञानाच्या विखुरलेपणाचा आहे. समाजातील ज्ञान कोणा एकाजवळ साठलेले नसते, ते असंख्य व्यक्तींमध्ये विभागलेले असते आणि किंमत ही त्या ज्ञानाला एकत्र आणणारी खूण असते, असा विचार अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिख हायेक यांनी १९४५ च्या एका निबंधात मांडला. आपल्या उदाहरणात गणेशपुरीचा रहिवासी नदीचे पात्र रोज पाहतो, शहापूरच्या शेतकऱ्याला ओढ्यांची चाल ठाऊक असते, हवामानाच्या अभ्यासकाजवळ नकाशे असतात. या तिघांची परस्परांशी ओळख नसली, तरी त्यांच्या खरेदी-विक्रीतून एकच भाव निघतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने १९८८ मध्ये अध्यक्षीय निवडणुकीवर अशा प्रकारचा प्रायोगिक बाजार सुरू केला. त्यानंतर या विषयाला अभ्यासाचे क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली.

पारंपरिक बुकी आणि भाकीत-बाजार यांत एक फरक आहे. बुकी स्वतः भाव ठरवितो आणि ग्राहकाच्या विरुद्ध बाजूस उभा राहतो. भाकीत-बाजारात भाव सहभागी लोकांच्या देवघेवीतून ठरतो, चालक साधारणतः शुल्क घेतो. मात्र बाजाराचा भाव विश्वासार्ह ठरण्यासाठी तीन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. प्रश्न निःसंदिग्ध असावा, निकाल तटस्थपणे पडताळता यावा आणि व्यवहार करणाऱ्याला ती घटना घडविता येऊ नये. पहिल्या दोन अटींची चर्चा पुष्कळ होते. प्रस्तुत लेखाचा भर तिसऱ्या अटीवर आहे.

३. सेफ्टी कार : कार्य आणि इतिहास

शर्यतीत अपघात झाला, मोटार धोक्याच्या जागी बंद पडली किंवा मुसळधार पाऊस आला, की सर्व स्पर्धकांचा वेग कमी करण्यासाठी एक विशेष मोटार धावपट्टीवर आणली जाते. स्पर्धकांना तिच्या मागे रांगेने चालावे लागते व एकमेकांना ओलांडण्यास मनाई असते. दरम्यान कर्मचारी अपघातग्रस्त मोटार व तिचे अवशेष हटवितात. फॉर्म्युला वन स्पर्धेत अशी मोटार प्रथम १९७३ च्या कॅनडातील शर्यतीत वापरली गेली. त्या वेळी ती आघाडीच्या स्पर्धकाऐवजी चुकीच्या मोटारीपुढे आली आणि शर्यतीचा विजेता निश्चित करण्यास तासन्‌तास लागले. १९९३ पासून सेफ्टी कारला नियमांत अधिकृत स्थान मिळाले. २००० पासून बर्न्ड मायलँडर हे जर्मन चालक फॉर्म्युला वनची सेफ्टी कार चालवीत आले आहेत.

तिच्या आगमनाचा शर्यतीवर मोठा परिणाम होतो. आघाडीच्या चालकाने तासाभराच्या परिश्रमाने मिळविलेले अंतर काही मिनिटांत नाहीसे होते. शिवाय चाके बदलण्यासाठी थांबल्यास एरवी, धावपट्टीनुसार, वीस सेकंदांच्या आसपास नुकसान होते. सर्वच मोटारी सावकाश चालत असताना ते नुकसान बरेच कमी होते. म्हणून सेफ्टी कार कोणत्या क्षणी येते यावर जय-पराजय अवलंबून राहू शकतो.

परंतु तिचे मूळ प्रयोजन मानवी जीविताचे रक्षण हे आहे. २००० मध्ये इटलीतील मोंझा येथे आणि २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे अपघातात सुटलेले चाक लागून प्रत्येकी एक कर्मचारी मृत्युमुखी पडला. ५ ऑक्टोबर २०१४ रोजी जपानमधील सुझुका येथे पावसात झ्यूल बियांकी या फ्रेंच चालकाची मोटार, दुसरी अपघातग्रस्त मोटार उचलणाऱ्या यंत्रावर आदळली. १७ जुलै २०१५ रोजी त्याचे निधन झाले. या अपघातानंतर ‘आभासी सेफ्टी कार’ची पद्धत २०१५ पासून अमलात आली. तीत प्रत्यक्ष मोटार न आणता सर्व स्पर्धकांना ठरावीक मंद वेगाने चालण्याचा आदेश दिला जातो.

४. संभाव्यतेचे गणित आणि प्रश्नाची शब्दरचना

सेफ्टी कारची संभाव्यता प्रत्येक शर्यतीत सारखी नसते. भिंतींनी वेढलेल्या शहरी रस्त्यांवरील शर्यतीत बंद पडलेली मोटार बाजूला घेण्यास जागा नसते. याउलट बृहत् नोएडातील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट, जेथे २०११ ते २०१३ या काळात भारतीय ग्रां प्री झाली, अशा खास बांधलेल्या धावपट्टीवर कडेला मोकळी जागा असते. पाऊस आणि पहिल्या फेरीतील दाटी हे घटकही महत्त्वाचे आहेत.

सिंगापूरच्या शर्यतीचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. २००८ ते २०२३ या काळात तेथे १४ शर्यती झाल्या, २०२० व २०२१ मध्ये शर्यत झाली नाही. या चौदाही शर्यतींत सेफ्टी कार आली. आता पंधराव्या वेळी ती येण्याची शक्यता किती मानावी? ‘नेहमी आली, म्हणून येणारच’ असे म्हणणे तर्कशुद्ध नाही. फ्रेंच गणिती लाप्लास यांच्या नियमानुसार, यशांच्या संख्येत एक आणि एकूण प्रसंगांत दोन मिळवून भागाकार करावा. म्हणजे १५ भागिले १६, अर्थात सुमारे ९४ टक्के. या हिशेबाने ‘होय’ कराराचा भाव ९४ रुपयांच्या आसपास असावा. प्रत्यक्षात २०२४ च्या शर्यतीत सेफ्टी कार आली नाही. ९४ रुपये देणाऱ्याने सर्व रक्कम गमावली असती, सहा रुपये देऊन ‘नाही’ घेणाऱ्याला शंभर मिळाले असते. मात्र एवढ्यावरून ९४ हा अंदाज चुकीचा होता असे ठरत नाही. शंभरात सहा वेळा घडणारी गोष्ट कधीतरी घडतेच. अंदाजाची परीक्षा एका निकालावरून न होता अनेक निकालांच्या मालिकेवरून होते.

शब्दरचनेचा प्रश्नही सोपा नाही. आभासी सेफ्टी कार आली तर ‘होय’ समजायचे काय? शर्यतीचा प्रारंभच सेफ्टी कारच्या मागे झाला तर? २०२१ मध्ये बेल्जियममधील स्पा येथे पावसामुळे स्पर्धक केवळ सेफ्टी कारमागे काही फेऱ्या फिरले आणि निम्मे गुण देऊन शर्यत संपली. अशा प्रसंगी कराराच्या प्रत्येक शब्दाला पैशाचे मोल येते.

५. मुंबईची पूर्वपरंपरा : पाऊस, कापूस, मटका

वरील सर्व प्रश्न मुंबईला नवे नाहीत. एकोणिसाव्या शतकात मुंबईत व कलकत्त्यात पावसाचा सट्टा जोरात होता. ठरावीक मुदतीत पाऊस पडेल की नाही, पडल्यास छपराच्या पन्हळीतून पाणी वाहील की नाही, यावर पैसे लावले जात. आकाश पाहून अंदाज बांधणाऱ्यांना यात महत्त्व असे. ‘पाऊस पडला’ याची कसोटी पन्हळीने निश्चित केली जाई. सेफ्टी कारच्या कराराला आज जशी नेमकी व्याख्या लागते, तशीच ती होती.

हा सट्टा १८८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आला. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात फासे, पत्ते यांसारख्या ‘जुगाराच्या साधनां’चा विचार होता. पर्जन्यमापक हा पावसाची केवळ नोंद करतो, तो जुगाराचे साधन ठरत नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. कायद्यातील ही उणीव पुढच्याच वर्षी, १८९० मध्ये, दुरुस्तीने भरून काढण्यात आली. पाऊस पडणे वा न पडणे, पावसाचे प्रमाण, कापसाचा भाव व त्या भावातील आकडे यांचा निर्देश आजही या कायद्याच्या व्याख्येत आढळतो.

पुढे ‘आकडा’ लोकप्रिय झाला. न्यूयॉर्क कापूस बाजाराचे उघडण्याचे व बंद होण्याचे भाव तारयंत्राने मुंबईस येत आणि त्यांतील अंकांवर पैसे लागत. १९६१ मध्ये हे भाव येणे बंद झाल्यावर या धंद्याला नव्या आकड्यांची गरज भासली. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी ‘न्यू वरळी मटका’ काढला. पत्त्यांच्या जोडातून तीन पत्ते काढून त्यांची बेरीज केली जाई व बेरजेचा शेवटचा अंक हा निकाल मानला जाई. उदाहरणार्थ, ५, ३ आणि ६ आल्यास बेरीज १४ व निकाल ४. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे कापूस बाजारातील शब्द मात्र तसेच राहिले.

या तीन टप्प्यांतील एक बदल सहसा लक्षात घेतला जात नाही. पाऊस कोणाच्याही हाती नव्हता. न्यूयॉर्कचा भाव हजारो व्यापाऱ्यांच्या व्यवहारातून ठरत असल्याने मुंबईतील पैज लावणाऱ्याच्या आवाक्याबाहेर होता. मटक्याचा आकडा मात्र पत्ते काढणाऱ्याच्या हातात आला. त्यामुळे लोकांसमक्ष पत्ते काढण्याला आणि काढणाऱ्याच्या सचोटीविषयीच्या ख्यातीला कमालीचे महत्त्व प्राप्त झाले. घटना जसजशी मनुष्याच्या हाताजवळ आली, तसतसा अंदाजाचा प्रश्न विश्वासाचा प्रश्न बनला.

६. कर्त्याचा प्रश्न

या अनुभवावरून भावी घटनांचे तीन वर्ग करता येतील. पाऊस व तलावाचे भरणे या कर्ताविहीन घटना होत. बाजारभाव, निवडणुकीचा निकाल या बहुकर्तृक घटना होत. मटक्याचा पत्ता, क्रिकेटमधील नो-बॉल या एककर्तृक घटना होत. पहिल्या वर्गात पैज लावणारा केवळ प्रेक्षक असतो. तिसऱ्या वर्गात तो, किंवा त्याने वश केलेली व्यक्ती, स्वतः घटना घडवू शकते. २०१० च्या लॉर्ड्‌स कसोटीत पाकिस्तानच्या गोलंदाजांनी ठरवून टाकलेले नो-बॉल हे याचे प्रसिद्ध उदाहरण असून त्या प्रकरणी २०११ मध्ये इंग्लंडमधील न्यायालयाने शिक्षा सुनावल्या. सामना हरण्यासाठी अनेकांचे संगनमत लागते, नो-बॉलसाठी एक पाय पुरतो.

सेफ्टी कार वरवर पाहता पहिल्या वर्गातील, अपघाताची, म्हणजे दैवाची घटना वाटते. वस्तुतः ती तिसऱ्या वर्गात मोडते. याचा पुरावा सिंगापूरच्या पहिल्याच शर्यतीने दिला. २८ सप्टेंबर २००८ रोजी रेनॉ संघाचा फर्नांडो अलोन्सो पंधराव्या स्थानावरून निघाला आणि बाराव्या फेरीत, इतरांच्या आधी, इंधन व चाकांसाठी थांबला. लगेच त्याचा सहकारी नेल्सन पिके ज्युनियर भिंतीवर आदळला, सेफ्टी कार आली आणि अखेर अलोन्सो विजयी झाला. हा अपघात संघातील वरिष्ठांच्या योजनेनुसार हेतुतः केल्याचे पिके यांनी २००९ मध्ये सांगितले. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने त्याच वर्षी संघप्रमुख फ्लाव्हिओ ब्रियातोरे व अभियंता पॅट सिमंड्स यांच्यावर बंदी घातली. पुढे जानेवारी २०१० मध्ये फ्रान्समधील न्यायालयाने बंदीची ती कारवाई रद्द ठरविली. या प्रकरणात उद्देश शर्यत जिंकण्याचा होता, पैजेचा नव्हता. परंतु सेफ्टी कार ‘आणविता’ येते, एवढे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले. वर उल्लेखिलेल्या चौदा शर्यतींच्या मालिकेतील पहिली नोंदच अशी घडवून आणलेली आहे, हे संख्याशास्त्राच्या अभ्यासकाने विसरू नये.

दुसरा कर्ता शर्यतीचा संचालक. १२ डिसेंबर २०२१ रोजी अबुधाबी येथे ५८ पैकी ५३ व्या फेरीत अपघात होऊन सेफ्टी कार आली. ती केव्हा परत घ्यावी व कोणत्या मोटारींना पुढे जाऊ द्यावे, याविषयी संचालक मायकेल मासी यांच्या निर्णयामुळे विश्वविजेतेपद शेवटच्या फेरीत मॅक्स व्हर्स्टापेनकडे गेले. महासंघाच्या २०२२ च्या अहवालाने ही मानवी चूक असून निर्णय सद्‌हेतूने घेतल्याचे म्हटले. सद्‌हेतूने घेतलेल्या निर्णयावरही एवढे वादळ उठले. त्याच निर्णयावर हजारो लोकांचे पैसे लागलेले असते, तर संचालकाने काहीही केले तरी तो संशयास पात्र ठरला असता.

तिसरा मुद्दा माहितीच्या विषमतेचा. वळणावर उभा असलेला कर्मचारी अपघात दूरदर्शनच्या प्रेक्षकाआधी पाहतो. तानसाच्या उदाहरणात गणेशपुरीच्या रहिवाशाने नदी आधी पाहणे ही बाजाराची जमेची बाजू होती, कारण त्याच्या ज्ञानाने भाव सुधारतो आणि नदी त्याच्या सांगण्याने वाहत नाही. धावपट्टीवरील कर्मचारी मात्र निर्णयप्रक्रियेचाच भाग असतो. त्याचे ज्ञान आणि त्याचे कर्तव्य यांत पैशामुळे विरोध उत्पन्न होतो.

यावर असा आक्षेप घेता येईल की, भावातील असाधारण चढ-उतार गैरप्रकार उघडकीस आणण्यास साहाय्यभूत ठरतात. यात तथ्य आहे. परंतु हा पुरावा घटनेनंतर हाती येतो. सामन्यातील फसवणुकीत खेळाची प्रतिष्ठा जाते, मोटार शर्यतीतील फसवणुकीत भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. सुरक्षेच्या साधनावरच पैज लावणे इतर पैजांहून वेगळे का, याचे उत्तर येथे आहे.

७. कायद्याची भूमिका

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचे करार शून्य ठरतात, म्हणजे जिंकलेली रक्कम न्यायालयामार्फत वसूल करता येत नाही. १९५७ च्या चमारबागवाला प्रकरणांपासून सर्वोच्च न्यायालयाने कौशल्यप्रधान खेळ व नशिबाचा खेळ असा भेद केला आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याच्या वर्गात स्थान दिले. अलीकडे भारतात ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा मतांचा व्यवहार करणारी मोबाइल ॲप निघाली आणि त्यांनी याच कौशल्याचा आधार घेतला. सेबीने २९ एप्रिल २०२५ रोजी अशा मंचांपासून गुंतवणूकदारांना सावध केले. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा संमत करून पैशांच्या ऑनलाइन खेळांना, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, मनाई केली. असे खेळ पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

अमेरिकेत वेगळा मार्ग स्वीकारला गेला. तेथे कालशी या मंचाला २०२० मध्ये वायदे बाजाराच्या नियामकाची मान्यता मिळाली आणि २०२५ पासून त्यावर क्रीडाविषयक करारही आले. मात्र सहज फेरफार करता येईल असा करार बाजाराने ठेवू नये, हे तत्त्व तेथील वायदे कायद्यातच नमूद आहे. सेफ्टी कारवरील करार या कसोटीस उतरेल असे म्हणणे कठीण आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) भाकीत-बाजाराचा भाव हा विखुरलेल्या ज्ञानाचा उपयुक्त निदर्शक होऊ शकतो, परंतु पैज लावणारा घटनेपासून अलिप्त असेल तरच.

(२) सेफ्टी कारचे आगमन अपघाती भासले, तरी ते एका चालकाच्या कृतीने आणि नियंत्रण कक्षाच्या निर्णयाने घडू शकते. म्हणून तिच्यावरील पैज पावसाच्या सट्ट्यापेक्षा मटक्याला अधिक जवळची आहे.

(३) कौशल्य की नशीब, ही कसोटी पैज लावणाऱ्याकडे पाहते. तिला ‘ही घटना किती हातांनी घडू शकते?’ या कसोटीची जोड देणे आवश्यक आहे. हात जितके कमी, तितका धोका अधिक.

(४) सेफ्टी कारच्या संभाव्यतेचा अभ्यास संघांच्या नियोजनासाठी व धावपट्टीच्या रचनेसाठी उपयोगी आहे. तो पूर्वीच्या नोंदींवरून करता येतो, त्यासाठी पैशांचा बाजार असण्याची गरज नाही.

तानसा भरणार की नाही, यावर गणेशपुरीच्या काठावर बसून दोघांनी वाद घातला, तर नदीला त्याची खबरही नसते. शर्यतीच्या वळणावर झेंडा हाती घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे तसे नाही. त्याच्याकडे कोणाचे पैसे डोळे लावून बसलेले नाहीत, एवढी शाश्वती त्याला देणे हे त्या खेळाचे आणि कायद्याचे कर्तव्य ठरते.